पेटी आली, पुढे काय?

चांदूर बाजार तालुक्यातल्या एका शाळेत काही दिवसांपूर्वी आम्ही गेलो होतो. शाळेचे नाव येथे देत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. शाळेने मोठ्या हौसेने एक खोली प्रयोगांसाठी वेगळी काढली आहे. भिंतींना नवा रंग, दारावर रॉकेटचे चित्र, आत काचेचे कपाट. कपाटात त्रिमितीय छपाईचे यंत्र, इलेक्ट्रॉनिक्सचे संच, सेन्सर, बारक्या मोटारी, चाके. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात दहा मिनिटे गेली. विज्ञानाचे शिक्षक जरा ओशाळून म्हणाले, "वस्तू महागाच्या आहेत. पोरांच्या हातून काही मोडले तर नोंदवहीत काय लिहायचे?"

तिथून निघालो आणि बाजारातल्या एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात डोकावलो. हा संत्र्याच्या बागांचा मुलूख. विहिरीवरच्या आणि बोअरवरच्या मोटारी जळणे हे इथले नेहमीचे दुखणे, त्यामुळे अशा दुकानांना उसंत नसते. तिथे त्याच शाळेतला दहावीचा एक मुलगा शाळा सुटल्यावर मामाजवळ बसून तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होता. तीन फेजपैकी एक गेली की मोटार नुसती गुणगुणते, तापते आणि बंद केली नाही तर जळते, हे त्याने आम्हांला नीट समजावून सांगितले. आम्ही विचारले, "दहावीच्या पुस्तकात 'विद्युतधारेचे परिणाम' असा धडा आहे. तो हाच ना रे?" तो हसून म्हणाला, "ते वेगळं हाये सर. ते परीक्षेचं."

शाळेतली ती खोली आणि हे दुकान यांत पायी पाच मिनिटांचे अंतर आहे. हाताने विज्ञान शिकवण्याचे जे कार्यक्रम आज शाळांत येत आहेत, त्यांचे मोल हे अंतर ते कमी करतात की नाही यावरून ठरवावे, असे आम्हांला वाटते. या लेखात आम्ही तशी तपासणी करून पाहणार आहोत.

पेटीचा हिशेब

आज या क्षेत्रातला सर्वांत मोठा कार्यक्रम म्हणजे नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची अटल टिंकरिंग लॅब. ही योजना २०१६ मध्ये सुरू झाली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेत अशी प्रयोगशाळा उभारायला १० लाख रुपयांपर्यंत आणि ती पाच वर्षे चालवायला आणखी १० लाखांपर्यंत अनुदान, अशी तिची मूळ रचना. देशभरात अशा सुमारे १० हजार प्रयोगशाळा झाल्या, आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजार प्रयोगशाळा उघडण्याची घोषणा झाली. म्हणजे आज ज्या शाळेत ही खोली नाही, तिथेही उद्या ती येऊ शकेल. म्हणूनच तिच्याविषयी आत्ताच बोलायला हवे.

या योजनेवर आमचा राग नाही. मुलाने वस्तू उघडून पाहावी, जोडावी, बिघडवावी आणि पुन्हा जोडावी, हा विचार सरकारी कागदावर आला ही लहान गोष्ट नव्हे. त्यासाठी खरोखरच पैसे ठेवले गेले, हीदेखील नाही. ज्या शाळांना उत्साही शिक्षक लाभले तिथे मुलांनी चांगली कामे केली आहेत. पण योजनेची सुरुवात वस्तूंपासून होते, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. आधी खोली, मग यादी, मग खरेदी, मग उद्घाटन. मुलांना कोणता प्रश्न पडला आहे, हे विचारण्याची पाळी सर्वांत शेवटी येते, आणि बहुधा तोवर वर्ष संपत आलेले असते. बाहेरच्या तज्ज्ञांनी स्वयंसेवक म्हणून मार्गदर्शन करावे अशी सोय योजनेत आहे. पुण्यात, नागपुरात असे तज्ज्ञ मिळतील. चांदूर बाजारला दर आठवड्याला कोण येणार? आणि बाजारातला रिवाइंडिंगवाला तज्ज्ञ आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही.

मग खोलीचा उपयोग होतो तो प्रदर्शनापुरता. विज्ञान प्रदर्शनाचे चित्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. थर्माकोलचा ज्वालामुखी, सिरिंज आणि सलाइनच्या नळ्यांचा जेसीबी, अडथळा आला की वळणारी गाडी. गाडी संचाबरोबर आलेल्या पुस्तिकेतली, जोडणी मोठ्या भावाची, आणि मुलीच्या तोंडी पाठ केलेली चार वाक्ये. तिला जर विचारले की ही गाडी काळ्या कापडासमोर का फसते, तर ती गोंधळते, कारण काळे कापड तिने कधी समोर धरूनच पाहिलेले नसते. परीक्षकही बहुधा विचारत नाहीत. फसलेल्या प्रयोगाला प्रदर्शनात टेबल मिळत नाही, हा या पद्धतीतला मोठा दोष आहे.

तीन कसोट्या

हात चालले म्हणजे विज्ञान झाले, असे नाही. पोळ्या लाटतानाही हात चालतात. हाताच्या कामातून विज्ञान शिकायचे तर निदान तीन गोष्टी हव्यात, असे आम्ही मानतो.

पहिली, ज्याचे उत्तर मुलाला आधीच सांगितलेले नाही असा प्रश्न. पुस्तिकेतल्या पायऱ्या जशाच्या तशा करून दिवा लागला, तर पुस्तिका बरोबर आहे एवढेच सिद्ध होते.

दुसरी, ज्याचा कोणाला तरी उपयोग आहे असे काम. उपयोग असला की ते चुकले तर कळते. मुलाने केलेल्या स्टुलावर कोणी बसणार असेल, तर चौथा पाय आखूड असल्याचे शिक्षकांनी सांगावे लागत नाही.

तिसरी, ते काम स्वतःच्या हाताने करता येणारा एक माणूस आणि वेळापत्रकात त्यासाठी राखून ठेवलेला वेळ. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत सामान काढून परत ठेवण्यापुरताच वेळ मिळतो.

या कसोट्या आम्ही हवेतून काढलेल्या नाहीत. त्यामागे दोन जुने प्रयोग आहेत, एक शेजारच्या मध्य प्रदेशातला आणि एक आपल्या महाराष्ट्रातला.

होशंगाबादचा धडा

१९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यात किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ शाळांत विज्ञान शिकवण्याची नवी पद्धत सुरू केली. १९७८ मध्ये ती संपूर्ण जिल्ह्यात गेली, आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे तिचा भार उचलला. मुले गटाने प्रयोग करीत, निरीक्षणे स्वतः लिहीत आणि त्यावर वर्गात वाद घालीत. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकात प्रश्न होते, तयार उत्तरे नव्हती.

तिथेही साहित्याची पेटी होतीच. पण पेटीच्या भोवती आणखी बरेच काही होते. शिक्षकांची प्रशिक्षणे होती, दरमहा एकत्र बसून अडचणी मांडण्याच्या बैठका होत्या, पुस्तक उघडे ठेवून देण्याची परीक्षा होती आणि हाताने करून दाखवण्याचीही परीक्षा होती. मुलांना पडलेले प्रश्न 'सवालीराम' या काल्पनिक व्यक्तीला पत्राने विचारता येत आणि त्यांना उत्तरे जात. पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन याच कार्यक्रमात गेले. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून भूमितीच्या आकृत्या करण्याची त्यांची युक्ती तिथलीच. तिचे सामान गावच्या आठवडी बाजारात मिळत होते.

२००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे चाललेले काम एका आदेशाने थांबू शकते, हा त्यातला कडू धडा. पण दुसरा धडा आमच्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. होशंगाबादने परीक्षेला हात घातला. आपण मात्र पेटी आणतो आणि परीक्षा आहे तशीच ठेवतो. आपल्या दहावीत विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या १०० गुणांपैकी ८० लेखी आणि २० प्रात्यक्षिकाचे असतात. हे २० गुण कसे दिले जातात, ते शिक्षकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. मुलगा "ते परीक्षेचं" म्हणाला तेव्हा तो आपल्याच व्यवस्थेचे वर्णन करीत होता.

पाबळची कार्यशाळा

दुसरा प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मुंबईला हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम करणारे शास्त्रज्ञ. ते काम सोडून त्यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी तिथे जो अभ्यासक्रम तयार झाला, त्याला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' म्हणतात. १९८७ मध्ये माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला दहावीच्या परीक्षेसाठी विषय म्हणून मान्यता दिली.

रचना साधी आहे. आठवड्यातला एक दिवस हाताच्या कामाचा. कामाचे चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. प्रत्येक मुलाने आणि प्रत्येक मुलीने चारही विभाग करायचे. त्यामुळे मुली वेल्डिंग करतात आणि मुले स्वयंपाकातले अन्नशास्त्र शिकतात. शिकवायला गावपरिसरातलेच, हातात कसब असलेले तरुण निदेशक. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुलांनी गावाला सेवा द्यायची. मातीची तपासणी, रक्तगट तपासणी, शाळेचे बाक दुरुस्त करणे, विजेची साधी जोडणी, अशी ही कामे आहेत.

आमच्या तीनही कसोट्यांना ही रचना बऱ्यापैकी उतरते. काम खरे आहे, ते करता येणारा माणूस आहे, पूर्ण दिवस आहे. इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडवणाऱ्या 'फॅब लॅब' जगभर उभारायला घेतल्या, तेव्हा त्या संस्थेबाहेरची पहिल्यांतली एक फॅब लॅब २००२ मध्ये पाबळला आली. आज शाळांतून जी यंत्रे कपाटात आहेत, तशा जातीची यंत्रे तिथे सुमारे दीड दशक आधी पोचली होती. पण ती पोचली तेव्हा तिथे वेल्डिंगची ठिणगी एकोणीस वर्षे उडत होती. काय करायचे आहे हे ठरलेले होते आणि यंत्र त्याच्या मदतीला आले.

पाबळवरचे आक्षेप

आता दुसरी बाजूही पाहू. पाबळची नुसती आरती ओवाळून टीकेचे काम होत नाही.

पहिला आक्षेप आपल्याच विदर्भाच्या इतिहासातून येतो. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला, तीच नई तालीम. विचार थोर होता, तरी तो बहुतेक शाळांत रुजला नाही. आपल्या समाजात हाताचे काम जातीला जखडलेले होते. सुताराने मुलाला शाळेत घातले ते त्याच्या हातातला रंधा सुटावा म्हणून. त्याच्या मुलाला शाळेत पुन्हा रंधाच दिला, तर तो बाप रागावणारच, आणि त्याचा राग अवाजवी नाही. आजही शहरातल्या मुलांना रोबोट आणि खेड्यातल्या मुलांना वेल्डिंग, अशी वाटणी झाली तर ती अन्यायाचीच होईल. चांदूर बाजारच्या पालकांनी "आमच्या पोरांना ते महागाचं यंत्र काहून नाही?" असे विचारले, तर त्यांना पाबळचे उदाहरण देऊन गप्प करू नये.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे. कसब म्हणजे विज्ञान नव्हे. वेल्डिंगचा सांधा सुरेख आला, पण धातू का वितळला, पातळ पत्र्याला भोक का पडले, हे कोणी विचारलेच नाही, तर ती शाळेतली आयटीआय झाली. आमच्या दुकानातल्या मुलाचेही तेच आहे. त्याला वेढे मोजता येतात, पण वेढे कमी पडले तर मोटारीचे काय होईल, हे त्याने अजून विचारलेले नाही. तो प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे विज्ञानाचा शिक्षक. कारागिराकडे उत्तराचा अर्धा भाग असतो आणि शिक्षकाकडे उरलेला अर्धा. दोघे एका खोलीत येत नाहीत, हे आपले खरे दुखणे आहे.

तिसरा आक्षेप विस्ताराचा. मान्यता मिळून इतकी वर्षे झाली, तरी राज्यातल्या शाळांच्या मानाने फार थोड्या शाळांनी हा अभ्यासक्रम घेतला. पूर्ण दिवस द्यायला शाळा तयार होत नाहीत आणि निदेशकाच्या मानधनाची तरतूद कोणी कायमची करीत नाही. यंत्राला अनुदान मिळते, माणसाला मिळत नाही.

फवारणीच्या पंपाचे विज्ञान

तर मग आपल्या भागातल्या शाळेने काय करावे? एक उदाहरण देतो. त्याला कपाटातले काहीही लागत नाही.

कापूस, तूर आणि संत्रा यांच्या आपल्या मुलखात पाठीवरचा फवारणी पंप घराघरांत आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मरण पावले. त्यानंतर सूचना पुष्कळ निघाल्या. पण पंपातून मिनिटाला किती पाणी पडते, हे शाळेत मोजायला घेता येते, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

यासाठी नवा कोरा, औषध कधीही न भरलेला पंप घ्यावा आणि त्यात फक्त साधे पाणी भरावे. वापरलेला पंप किंवा वापरलेला नोझल शाळेत आणू नये, ही अट कडक पाळावी. वेगवेगळ्या छिद्रांचे दोन-तीन नवे नोझल दुकानातून आणावेत. एक मिनिट पाणी मोजपात्रात धरावे, तीनदा मोजून सरासरी काढावी. समजा मिनिटाला ६०० मिलिलिटर पाणी पडले. मुलगा मिनिटाला ३० मीटर चालतो आणि फवारा १ मीटर रुंद पडतो, म्हणजे मिनिटाला ३० चौरस मीटर जमीन भिजली, प्रत्येक चौरस मीटरला २० मिलिलिटर. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एकरी ८१ लिटर, १६ लिटरचे जवळजवळ पाच पंप.

आता छिद्र मोठे असलेला नोझल लावा. मिनिटाला ९०० मिलिलिटर पाणी पडू लागले, तर एकरी १२१ लिटर लागतात, साडेसात पंप. शेतकरी औषध मोजतो ते पंपामागे झाकणाच्या हिशेबाने. म्हणजे त्याच शेतात दीडपट औषध गेले. वापरून छिद्र झिजले की हेच घडते. संध्याकाळी थकून चाल मंदावली तर आणखी जास्त.

पुढची पायरी अशी. पाण्यात कपड्याची नीळ घालावी. छातीवर पांढरे कापड आणि डोळ्यांना चष्मा लावून एकदा वाऱ्याच्या दिशेने आणि एकदा वाऱ्याच्या विरुद्ध फवारत वीस पावले चालावे. कापडावरचे निळे ठिपके मोजावेत. वाऱ्याविरुद्ध फवारू नये हे वाक्य मुलाने दहा वेळा ऐकलेले असते. या वेळी ते ठिपके त्याच्या स्वतःच्या छातीवर असतात. घरी जाऊन तो ते कापड बापाला दाखवील, अशी आमची अपेक्षा आहे.

आता तीन कसोट्या लावून पाहा. उत्तर आधी माहीत नव्हते. काम ज्याला उपयोगी आहे तो माणूस घरातच आहे. आणि पंप दुरुस्त करणारा कारागीर बाजारात आहे, त्याला एक दिवस शाळेत बोलवायचे आहे. अशा शाळेत जर ते काचेचे कपाट असेल, तर त्याचाही उपयोग पुढे आपोआप निघतो. थेंबांचा वेग, वाऱ्याचा वेग, टाकीतला दाब मोजायला सेन्सर हवेतच. प्रश्न आधी आला की यंत्र शोभेचे राहत नाही.

नवी पेटी येण्याआधी

ज्या शाळांना अशी प्रयोगशाळा मिळाली आहे किंवा मिळणार आहे, त्यांच्या मुख्याध्यापकांपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. आठवड्यातून दोन तासिका सलग द्याव्यात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे शिकण्याची मुभा दिलीच आहे, तिची सुरुवात गावच्या बाजारातून करावी. बाजारातल्या कारागिराला मानाने बोलवावे आणि त्याच्या दिवसाची मजुरी बुडणार नाही हे पाहावे. कपाटाची किल्ली शिक्षकाच्या खिशात असावी, आणि 'मोडलेल्या वस्तू' या नावाची वही उघडून काय मोडले, कसे मोडले आणि त्यातून काय कळले, ते मुलांनीच लिहावे. प्रात्यक्षिकाचे गुण देताना ही वही उघडून पाहावी.

अधिकाऱ्यांनाही एक विनंती. तपासणीला याल तेव्हा वस्तू मोजा, त्याला हरकत नाही. पण त्याबरोबर ही वहीही मागा. ती कोरी असेल तर कपाट वापरात नाही, असे समजायला हरकत नाही.

ते विज्ञानाचे शिक्षक आणि तो रिवाइंडिंगवाला मामा यांची ओळख आम्ही करून दिली आहे. पुढच्या महिन्यात एक जळलेली मोटार शाळेत आणून मुलांसमोर उघडायची, असे ठरले आहे. पहिला प्रश्न भाच्यालाच विचारायचा: वेढे दहा कमी घातले तर? आपल्या शाळेत असे काही घडले असेल, विशेषतः करून पाहिले आणि फसले असेल, तर आम्हांला जरूर कळवा.